ठिबक सिंचनाच्या नियंत्रकासाठी पिन-इंटरप्टचे कर्नल मॉड्यूल लिहिताना

ठिबक सिंचनाच्या एका नियंत्रकावर खताचे द्रावण मोजण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मागणी वरवर पाहता साधी होती. टाकीतून मुख्य वाहिनीत जाणाऱ्या नळीवर प्रवाहमापक बसवायचा, त्याच्या पल्स मोजायच्या, आणि टाकी रिकामी होत आली की तिच्यातल्या फ्लोट स्विचने कळवल्याबरोबर डोसिंग पंप थांबवायचा. बोर्ड ठरलेला होता: बीगलबोन ब्लॅक, त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ प्रोसेसर, १ गिगाहर्ट्झचा एकच कॉर्टेक्स-ए८ कोर, ५१२ मेगाबाइट मेमरी आणि डेबियन लिनक्स. प्रवाहमापक वायएफ-एस२०१ या सर्वत्र मिळणाऱ्या जातीचा होता. त्याच्या आतले चक्र पाण्याने फिरते, चक्रावरचे चुंबक हॉल सेन्सरसमोरून जाते आणि प्रत्येक वेळी एक पल्स बाहेर पडते. पल्सची वारंवारता म्हणजे दर मिनिटाला वाहणाऱ्या लिटरांची ७.५ पट, हे त्याचे गणित. ३० लिटर प्रति मिनिट या कमाल प्रवाहाला २२५ हर्ट्झ, म्हणजे दोन पल्समध्ये सुमारे ४.४ मिलिसेकंदांचे अंतर येते. माझ्या पुढच्या बहुतेक निर्णयांचा आधार हाच आकडा होता.

कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) जोडला जाणारा कोड, लिहायला बसण्यापूर्वी ते खरोखर हवे आहे का, हे तपासणे मला आवश्यक वाटले, कारण आज लिनक्समध्ये पिनवरच्या घडामोडी वाचण्यासाठी बहुतेक वेळा कर्नलमध्ये शिरावे लागत नाही. जीपीआयओ, म्हणजे साध्या इनपुट-आउटपुट पिना, सांभाळणाऱ्या चिपचे उपकरण-फाइलचे रूप कर्नलच्या ४.८ या आवृत्तीपासून आहे आणि लिबजीपीआयओडी या लायब्ररीतून प्रत्येक बदल कर्नलने मारलेल्या वेळेच्या शिक्क्यासह मिळतो. पहिली चाचणी मी त्यावरच केली आणि ती चांगली चालली. परंतु त्या मांडणीत एका पिनसाठी कर्नल एरवी १६ नोंदी राखून ठेवतो. २२५ हर्ट्झने त्या सुमारे ७१ मिलिसेकंदांत भरतात, आणि नोंदी लिहिणारा प्रोग्राम मेमरी कार्डावर अडकला की त्याहून जास्त वेळ सहज जातो. नोंदींची जागा वाढवून मागता येते, त्यामुळे एवढ्यावरून मी मॉड्यूलकडे वळलो नसतो. खरी अडचण वेगळी होती. पिन एका प्रोग्रामने घेतली की दुसऱ्याला मिळत नाही, आणि तो प्रोग्राम बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत वाहिलेले द्रावण कोणाच्याच हिशेबात येत नाही. खताच्या बाबतीत हे चालण्यासारखे नव्हते. कर्नलमध्ये ५.१३ पासून इंटरप्ट, म्हणजे पिनवर बदल होताच प्रोसेसरचे चालू काम थांबवणारी सूचना, मोजणारा एक तयार ड्रायव्हरही आहे आणि नुसती मोजणी हवी असेल त्याने तोच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मला मात्र खऱ्या पल्स आणि तारेवरचा विद्युत गोंगाट वेगवेगळे मोजायचे होते, म्हणून स्वतंत्र मॉड्यूलचा मार्ग धरला.

सुरुवात पिनपासून केली. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. शिवाय बोर्डाला वीज नसताना पिनवर बाहेरून व्होल्टेज आले तरी प्रोसेसरला धोका असतो. म्हणून मध्ये पीसी८१७ हा ऑप्टोकपलर, म्हणजे दोन बाजूंमध्ये प्रकाशाने संकेत पोहोचवणारा भाग, घातला आणि त्याची बोर्डाकडची बाजू बोर्डाच्याच ३.३ व्होल्टवर ठेवली. पी९ कनेक्टरवरची १२ क्रमांकाची पिन निवडली, जी प्रोसेसरच्या दृष्टीने जीपीआयओ १ या बँकेतली २८ वी ओळ आहे. एकेका बँकेत अशा ३२ ओळी असतात, म्हणून जुन्या लेखांत हिचा क्रमांक ३२ अधिक २८, म्हणजे ६० असा दिलेला आढळतो आणि अनेक जुनी मॉड्यूल तो आकडा थेट कोडमध्ये लिहितात. ही पद्धत आता सोडून द्यावी. नव्या कर्नलांत हे क्रमांक गतिमान पद्धतीने वाटले जातात, वाटप ५१२ पासून सुरू होते, आणि काल चालणारे मॉड्यूल कर्नल बदलल्यावर चुकीची पिन मागते. डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावर काय जोडले आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनाच्या, ओव्हरले या पुरवणीत मी पिनचा मोड ७ म्हणजे जीपीआयओ, दिशा आत, पुल-अप (पिन एरवी वर ठेवणारा रोध) चालू, असे लिहिले आणि ड्रायव्हरच्या नोंदीत बँक व ओळ नावानिशी दिली. ड्रायव्हर ती नावाने मागतो. क्रमांकाचा संबंध उरत नाही.

याच टप्प्यावर एक बारकावा नीट समजून घ्यावा लागतो. ऑप्टोकपलरमुळे पल्स आली की पिन खाली जाते, म्हणून डिव्हाइस ट्रीत ती 'अ‍ॅक्टिव्ह लो' अशी नोंदवणे योग्यच होते. त्यानंतर पिनचे मूल्य वाचताना कर्नल ते उलटे करून देतो. इंटरप्ट मागताना मात्र हा उलटफेर होत नाही. तेथे फॉलिंग म्हणजे तारेवरचे व्होल्टेज प्रत्यक्ष खाली येणे. मूल्य तर्काच्या भाषेत आणि इंटरप्ट विजेच्या भाषेत, अशा दोन भाषा एकाच पिनला लागू असतात. एकेरी पल्स मोजताना चढती कड घेतली काय आणि उतरती घेतली काय, बेरीज तीच येते, त्यामुळे यातली गफलत तेथे दडून राहते. फ्लोट स्विचसारख्या स्थिती सांगणाऱ्या पिनवर मात्र भरलेली टाकी रिकामी ठरते.

इंटरप्ट पिनपासून माझ्या कोडपर्यंत कसा येतो, हे पाहण्यात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. एएम३३५८ च्या मुख्य इंटरप्ट नियंत्रकाला १२८ इंटरप्ट कळतात, परंतु प्रत्येक पिनसाठी त्यात वेगळी जागा नाही. जीपीआयओ १ या संपूर्ण बँकेला त्यात ९८ आणि ९९ असे दोनच क्रमांक आहेत. मोठ्या वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा आणि कडी वाजली की कोणाकडे पाहुणा आला हे आत जाऊन बघावे लागावे, तशी ही रचना आहे. मुख्य नियंत्रक सांगतो की बँकेत काहीतरी घडले. मग बँकेचा ड्रायव्हर आपल्या स्थितीच्या रजिस्टरमधले ३२ बिट वाचतो, जो बिट उभा असेल त्याची ओळ ओळखतो आणि त्या ओळीसाठी नोंदवलेल्या हँडलरला, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, बोलावतो. 'प्रॉक' निर्देशिकेतल्या 'इंटरप्ट्स' फाइलमध्ये हे दोन्ही मजले दिसतात: एका ओळीत बँकेचा ९८ क्रमांकाचा लेव्हल (पातळी टिकेपर्यंत चालू राहणारा) इंटरप्ट, दुसऱ्या ओळीत त्याच बँकेतली २८ वी पिन, एज (पातळी बदलण्याच्या क्षणाचा) हा प्रकार आणि माझ्या मॉड्यूलचे नाव. ते नाव तेथे पहिल्यांदा उमटले आणि नळीत फुंकर मारताच शेजारचा आकडा वाढू लागला, तेव्हा पुढचे सारे काम शक्य आहे याची खात्री पटली.

या रचनेचा एक परिणाम मोजणीवर होतो. प्रत्येक पिनसाठी स्थितीचा बिट एकच असतो. तो उभा असताना, त्याची दखल घेतली जाण्यापूर्वी, दुसरी पल्स आली तर तो उभाच राहतो. दोन पल्सची एकच पल्स होते आणि कोठेही चूक नोंदवली जात नाही. म्हणून हँडलर लवकर संपवणे हा या कामात शिस्तीचा किंवा शैलीचा प्रश्न नसून मोजमापाच्या अचूकतेचा प्रश्न आहे, आणि हे मला मुद्दाम ठासून सांगावेसे वाटते. इंटरप्टच्या क्षणी कोणते काम झालेच पाहिजे आणि कोणते थोड्या वेळाने झाले तरी चालेल, एवढी वाटणी नीट जमली की मॉड्यूलचा उरलेला भाग आपोआप आकार घेतो.

माझी वाटणी अशी ठरली. इंटरप्टच्या क्षणी चालणाऱ्या हँडलरने फक्त वेळ घ्यायची, मागच्या पल्सपासूनचे अंतर काढायचे, ते १ मिलिसेकंदापेक्षा कमी असेल तर गोंगाटाचा आकडा वाढवायचा, नसेल तर एकूण पल्सचा आकडा वाढवून ती वेळ एका छोट्या रांगेत ठेवायची आणि थ्रेडला, म्हणजे कर्नलमध्ये थोड्या वेळाने चालणाऱ्या वेगळ्या धाग्याला, जागे करायचे. २२५ हर्ट्झ या कमाल मर्यादेच्या दुप्पट वेग धरला तरी खऱ्या पल्समध्ये २.२ मिलिसेकंदांचे अंतर असणारच, म्हणून १ मिलिसेकंदाची सीमा निर्धास्तपणे घालता आली. प्रवाहाचा वेग काढणे, त्याची सरासरी, मर्यादा ओलांडली का हे पाहणे आणि वाट पाहणाऱ्या प्रोग्रामना उठवणे ही कामे थ्रेडकडे गेली. इंटरप्टचे असे दोन भाग करण्याची सोय कर्नलमध्ये २.६.३० पासून, म्हणजे २००९ पासून आहे. तो थ्रेड प्रक्रियांच्या यादीत 'आयआरक्यू' आणि क्रमांक अशा नावाने दिसतो आणि फिफो धोरणात ५० प्राधान्याने चालतो, त्यामुळे साध्या प्रोग्रामच्या मागे तो ताटकळत नाही. रांगेसाठी कर्नलमधली केफिफो ही तयार रांग वापरली. टाकणारा एक आणि काढणारा एक असेल तर तिला वेगळे कुलूप लागत नाही.

एकूण पल्सचा आकडा ६४ बिटांचा ठेवण्याचे कारण साधे गणित होते. ३२ बिटांचा आकडा २२५ हर्ट्झने सुमारे २२१ दिवसांत भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि शेतात बसवलेल्या यंत्राला वर्षानुवर्षे चालायचे असते. परंतु प्रोसेसर ३२ बिटांचा आहे, तेव्हा ६४ बिटांचा आकडा साध्या पद्धतीने वाचताना दोन अर्धे वेगवेगळे वाचले जाऊ शकतात आणि त्या दोहोंच्या मध्ये इंटरप्ट येऊ शकतो. म्हणून वाचणाऱ्या बाजूने इंटरप्ट थांबवणारा स्पिनलॉक, म्हणजे मोकळे होईपर्यंत जागेपणी वाट पाहायला लावणारे कुलूप, घेणे भाग होते. नुसता स्पिनलॉक येथे पुरत नाही: कुलूप घेतलेले असताना त्याच कोरवर हँडलर आला, तर तो कुलूप सुटण्याची वाट पाहत राहतो आणि कुलूप सोडणाऱ्याला कोर मिळतच नाही. म्युटेक्स या दुसऱ्या प्रकारच्या कुलपाचा तर येथे विचारही करता येत नाही, कारण त्यासाठी झोपावे, म्हणजे प्रोसेसर सोडून थांबावे, लागते आणि हँडलरला झोपण्याची मुभा नाही. तपासणीच्या कर्नलमध्ये झोपेचा हा नियम मोडला की लगेच तक्रार करणारा पर्याय चालू ठेवला होता; विकासाच्या काळात तो बंद ठेवू नये.

हँडलरमधून लॉगमध्ये ओळ छापण्याचा मोह प्रत्येकाला होतो. बोर्डाचे सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर चालते, म्हणजे सेकंदाला सुमारे ११५२० अक्षरे. साठ अक्षरांच्या ओळीला ५ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो आणि पल्समधले अंतर तर ४.४ मिलिसेकंदांचेच आहे. निरीक्षणासाठी छापलेली ती ओळच पल्स गिळते आणि निरीक्षकाला मॉड्यूल सदोष वाटते. मी कर्नलचा ट्रेस बफर वापरला, जो फक्त मेमरीत लिहितो, आणि हँडलरची सुरुवात व शेवट नोंदवणारे एफट्रेस या कर्नलच्या माग काढण्याच्या साधनाचे तयार बिंदू चालू केले.

फ्लोट स्विचची गोष्ट पूर्ण वेगळी होती. तो बोर्डाच्या पिनवर नव्हता. पेटीतल्या इतर स्विचांसोबत तो मायक्रोचिपच्या एमसीपी२३०१७ या १६ पिनांच्या एक्सपँडरला (पिना वाढवून देणाऱ्या चिपला) जोडलेला होता आणि एक्सपँडर आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर होता. अशा चिपची एकच इंटरप्ट तार प्रोसेसरकडे येते आणि कोणत्या पिनमुळे ती हलली हे बसवरून विचारावे लागते. १०० किलोहर्ट्झच्या बसवर दोन बाइटांचे एक रजिस्टर वाचायलाच सुमारे अर्धा मिलिसेकंद लागतो आणि बसवरचा व्यवहार झोपणारा असतो. त्यामुळे या पिनांचे इंटरप्ट मुळातच थ्रेडच्या आत जन्माला येतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा परिणाम असा, की त्यांच्यासाठी दिलेला तत्क्षणीचा हँडलर कर्नल कधीच बोलावत नाही, फक्त थ्रेडचा भाग चालवतो. आणि नुसता तत्क्षणीचा हँडलर देऊन इंटरप्ट मागितला तर मागणी फेटाळली जाते. प्रवाहमापकाचा कोड जसाच्या तसा येथे वापरला असता, तर वेळेचा शिक्का कधी उमटलाच नसता. फ्लोटसाठी म्हणून स्वतंत्र, फक्त थ्रेड असलेली मांडणी केली आणि 'वनशॉट' हा झेंडा लावला. तत्क्षणीचा हँडलर नसताना हा झेंडा एरवी कर्नल सक्तीचा मानतो, कारण थ्रेड चालून संपेपर्यंत तार बंद ठेवली नाही, तर लेव्हल प्रकारचा इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहील आणि थ्रेडला संधीच मिळणार नाही. प्रवाहमापकाला हाच झेंडा मी जाणीवपूर्वक लावला नाही; तेथे थ्रेड चालू असतानाही पुढच्या पल्सची नोंद व्हायला हवी होती.

एक्सपँडरमुळे आणखी एक गोष्ट करावी लागली. बूट होताना माझे मॉड्यूल आधी आणि एक्सपँडरचा ड्रायव्हर नंतर आला, तर पिन मागितल्यावर उणे ५१७ हा निकाल मिळतो. हे अपयश नसते. नंतर पुन्हा प्रयत्न कर, असा तो निरोप असतो. ड्रायव्हरने तो तसाच वर पाठवायचा असतो. प्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हर उपकरण ताब्यात घेतो त्या भागाच्या, क्रमातही इंटरप्ट मागण्याची ओळ मी सर्वांत शेवटी ठेवली, कारण मागणी मान्य होताच त्याच क्षणी पहिला इंटरप्ट येऊ शकतो आणि तोपर्यंत रांग, कुलूप व आकडे तयार असलेच पाहिजेत.

मॉड्यूल काढून घेण्याचा क्रम मात्र बराच विचार करायला लावणारा होता. फ्लोट स्विच पाण्याच्या हेलकाव्याने चालू-बंद होत राहतो, म्हणून बदल कळल्यावर काही शे मिलिसेकंदांनी पुन्हा वाचण्याचे काम वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या कर्नलच्या रांगेत, टाकले होते आणि प्रत्येक नव्या बदलाला ती मुदत पुढे ढकलली जात होती. आता, कर्नलच्या व्यवस्थापित पद्धतीने, म्हणजे सोडण्याची जबाबदारी कर्नलवर टाकून, मागितलेला इंटरप्ट ड्रायव्हरचा काढण्याचा भाग चालून संपल्यानंतरच सोडला जातो. काढण्याच्या भागात काम रद्द केले तरी इंटरप्ट अजून जिवंत असतो आणि तो तेच काम पुन्हा रांगेत टाकू शकतो. मग मेमरीतून गेलेल्या मॉड्यूलमधले फंक्शन काही वेळाने बोलावले जाते आणि कर्नल कोसळतो. व्यवस्थापित साधने मागितली त्याच्या उलट क्रमाने सोडली जातात, हे लक्षात घेऊन मी काम रद्द करण्याची नोंदही व्यवस्थापित केली आणि ती इंटरप्ट मागण्याच्या आधी ठेवली. त्यामुळे प्रथम इंटरप्ट जातो, मग काम रद्द होते, मग मेमरी जाते. फ्लोट हलवत ठेवून मॉड्यूल पुन्हा पुन्हा चढवणे-उतरवणे हीच याची खरी परीक्षा आहे.

बाकावर सिग्नल जनरेटरने ठरावीक संख्येच्या पल्स देऊन, त्याच वेळी मेमरी कार्डावर सतत लिहिणे चालू ठेवून तपासणी केली, तेव्हा प्रवाहमापकाच्या कमाल वेगाच्या अनेक पट वेगापर्यंत हिशेब जुळला. शेतावर चित्र निराळे होते. पंपाचा कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) ओढला किंवा सुटला की नळी कोरडी असतानाही गोंगाटाचा आकडा वाढत होता आणि क्वचित एखादी खोटी पल्स १ मिलिसेकंदाच्या चाळणीतून पलीकडे जात होती, कारण पहिल्या झटक्याच्या आधी बराच वेळ शांतता असते आणि त्या झटक्याला नाकारण्याचे कारण चाळणीपाशी नसते. केवळ अंतर पाहणाऱ्या चाळणीची ही मर्यादाच आहे. येथे प्रोसेसरची स्वतःची डिबाउन्सची सोय उपयोगी आली. ती ३१ मायक्रोसेकंदांच्या पटीत वेळ मोजते आणि तेवढा वेळ पातळी टिकली नाही तर बदल पुढे पाठवतच नाही. १६ घरे मागितली की ४९६ मायक्रोसेकंद होतात. ही मुदत संपूर्ण बँकेला मिळून एकच असते, त्यामुळे त्याच बँकेतल्या दुसऱ्या पिनला वेगळी मुदत देता येत नाही, याची नोंद डिव्हाइस ट्रीत शेरा म्हणून ठेवली. त्याच्या जोडीला पिळाची शिल्डेड केबल, आणि बोर्डाच्या बाजूला १ किलोओहम व १०० नॅनोफॅरडचे, म्हणजे १०० मायक्रोसेकंदांचे साधे गाळणे लावले. तारेवर जे थांबवता येते ते कर्नलपर्यंत येऊ देऊ नये, या मताचा मी आहे.

गोंगाटाचा वेगळा आकडा त्यानंतरही ठेवला आहे. केबलचा जोड सैल झाला किंवा शिल्डची तार सुटली, तर द्रावणाच्या हिशेबात फरक पडण्याआधी तो आकडा वाढू लागतो, म्हणून देखभालीच्या पानावर तो एकूण पल्सच्या शेजारीच दाखवला जातो.

हेच मॉड्यूल दुसरीकडे नेऊ पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कर्नलच्या ६.१२ या आवृत्तीपासून रिअल-टाइमची (ठरलेल्या वेळेत प्रतिसाद देण्याची) सोय मुख्य कर्नलमध्ये आली आहे, त्यात ६४ बिटांचे आर्म प्रोसेसरही आहेत. तो पर्याय चालू असलेल्या कर्नलमध्ये तत्क्षणीचा हँडलरही सक्तीने थ्रेडमध्ये ढकलला जातो आणि साधा स्पिनलॉक झोपणारा होतो. वेळेचा शिक्का खरोखर त्या क्षणीच मारायचा असेल, तर थ्रेड नको असे सांगणारा झेंडा, कच्चा स्पिनलॉक आणि हँडलरमधून झोपू शकणारी कोणतीही हाक न मारणे, हे तिन्ही एकत्र करावे लागते. दुसरी गोष्ट वेगाची. फिरत्या शाफ्टच्या एन्कोडरसारख्या, सेकंदाला हजारो पल्स देणाऱ्या साधनासाठी पिन-इंटरप्टचा मार्ग धरूच नये. एएम३३५८ मध्ये ईक्यूईपी आणि ईकॅप हे त्यासाठीच दिलेले स्वतंत्र भाग आहेत. ते कोरला न उठवता पल्स मोजतात किंवा त्यांची वेळ पकडतात, आणि कर्नलला सवडीने आकडा वाचता येतो.